जावाचे स्ट्रिंग आणि क्लास : चाळीस प्रोग्राम पाठ करण्यापेक्षा एकच दहा वेळा वाकव

चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. ती बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या सत्रात तिला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. स्ट्रिंगचे, म्हणजे ओळीने ठेवलेल्या अक्षरांवरचे, ४० प्रोग्राम तिने वहीत उतरवलेत, बरेचसे पाठही आहेत : स्ट्रिंग उलटी करणं, पॅलिंड्रोम (दोन्हीकडून सारखंच वाचलं जाणारं) ओळखणं, स्वर मोजणं, शब्द मोजणं. तरीही प्रॅक्टिकलला प्रश्न जरा फिरवून आला की हात थांबतो. क्लास आणि ऑब्जेक्टचं प्रकरण सुरू झाल्यापासून तर हे सगळं कशासाठी तेच कळत नाही, असं ती लिहिते. अजून कोणते एक्झरसाइज करू आणि कुठल्या क्रमाने करू, हा तिचा प्रश्न.

वर्गात मी सगळ्यांना तू म्हणतो, इथेही तसंच म्हणतो. जळगावात मी सतरा वर्षं जावा शिकवतोय आणि त्याआधी काही वर्षं प्रोग्रामिंगची नोकरी केली. तुझा प्रश्न यादीचा वाटतो, पण ४० प्रोग्राम करून ४१वा अडत असेल, तर ६० केल्यावर ६१वा अडेल. ते प्रोग्राम तुझ्या हाताला पाठ झालेत. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, फिरताना आत प्रत्येक फेरीला काय बदलतं, हे मात्र तू कधी बसून पाहिलेलं नसावंस. पाठांतराला मी नावं ठेवत नाही, पाढे पाठ असलेच पाहिजेत. पण पाढे पाठ असणाऱ्याला उदाहरण सुटतंच असं नाही, तसंच हे.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. घरी कॉम्प्युटर आहे की फक्त कॉलेजच्या लॅबचे दोन तास मिळतात? लॅबवरच भिस्त असेल तर खाली सांगतो ते वहीतलं काम तुला जास्तच उपयोगी पडेल. लॅबमध्ये जावाची कोणती आवृत्ती आहे तेही बघून घे. खूप ठिकाणी अजून २०१४ सालची जावा ८ असते. इंटरनेटवरच्या उत्तरांमध्ये स्ट्रिंगच्या ‘स्ट्रिप’, ‘इजब्लँक’, ‘रिपीट’ अशा मेथड, म्हणजे नाव दिलेली कामं, दिसतात. त्या २०१८ च्या जावा ११ मध्ये आल्या. घरी मोबाइलवर चाललेला प्रोग्राम लॅबमध्ये लाल होतो, आणि मुलं आपलंच काहीतरी चुकलं समजून तासभर शोधत बसतात. आणखी एक. पूर्ण प्रोग्राम मी मुद्दाम देत नाहीये. शब्द बोलताना उच्चारतो तसे लिहितोय, टाइप तुझं तू करायचं.

आता मूळ काम. स्वर मोजायचा प्रोग्राम घे, तुला तो पाठ आहे. रन करण्याआधी वहीत तीन रकाने आख : आय (लूपमधला जागेचा क्रमांक), त्या जागेवरचं अक्षर, आतापर्यंतची मोजणी. इनपुट म्हणून आपलं अमळनेर घे, रोमन लिपीत, पहिलं अक्षर कॅपिटल. सात अक्षरं आहेत, म्हणजे आय ० पासून ६ पर्यंत जाईल. एकेक ओळ हाताने भर. ० वर कॅपिटल ए, मोजणी किती झाली? तुझ्या प्रोग्राममध्ये तुलना फक्त लहान ए, ई, आय, ओ, यू यांच्याशी असेल तर मोजणी शून्यच राहील. २ वर लहान ए, मोजणी १. ५ वर ई, मोजणी २. शेवटी उत्तर २ येईल. पण डोळ्यांनी मोजलं तर स्वर ३ आहेत.

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. पाठ केलेला प्रोग्राम चुकू शकतो हे तुला कोणी सांगितलं नाही, तुझ्याच तक्त्याने दाखवलं. कॉम्प्युटरला कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि लहान ए म्हणजे ९७. त्याच्या लेखी हे दोन वेगळे आकडे, दोघांचा उच्चार एक असण्याशी त्याला देणंघेणं नाही. आता दुरुस्ती तुलाच सुचेल. आधी सगळी स्ट्रिंग लोअरकेस करायची, नाहीतर कॅपिटल पाच स्वरांचीही तुलना करायची. दोन्ही कर आणि दोन्हींचे तक्ते पुन्हा भर.

मग हाच प्रोग्राम वाकवायला घे. स्वरांऐवजी व्यंजनं मोज. इथे इनपुटमध्ये स्पेस किंवा आकडा असला की तेही व्यंजनात मोजले जातील, ते थांबव. पहिला स्वर कितव्या जागेवर आहे ते सांग. स्वर नसलाच तर काय छापायचं, ते आधी ठरव. प्रत्येक स्वराच्या जागी चांदणी टाक. सलग दोन स्वर किती वेळा येतात ते मोज. जळगावच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटाकडे ए आणि ओ शेजारी येतात, तिथे उत्तर १ आलं पाहिजे. हा शेवटचा बदल करताना तू प्रत्येक फेरीला ‘आय अधिक १’ या जागेवरचं अक्षरही वाचलंस तर प्रोग्राम कोसळेल. ‘स्ट्रिंगइंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन’ असं लांबलचक नाव येईल. घाबरून खिडकी बंद करू नकोस. त्या ओळीत एक आकडा असतो : ७. जळगावची अक्षरं सात, शेवटची जागा ६, आणि तू ७ मागितलीस. लूप एक फेरी आधी थांबवायचा. आमच्या वर्गातली मुलं अहिराणीत हाक मारतात, “सर, हाई काबर चालस नही?” (हे का चालत नाही?) मी विचारतो, एररमध्ये आकडा कोणता आहे ते वाचलंस का? निम्म्या वेळा तो आकडा वाचूनच उत्तर सापडतं.

असा एकच प्रोग्राम आठवडाभर वाकवलास तर कॅरअॅट (दिलेल्या जागेवरचं अक्षर), लेंग्थ (लांबी), लूपची हद्द आणि इफ या चारही गोष्टी हातात बसतात. ४० पैकी पंचवीस-तीस प्रोग्राम याच चार गोष्टींचे असतात. परीक्षकाने प्रश्न फिरवला म्हणजे त्याने फक्त तुझ्याआधी तो वाकवला.

यानंतर स्ट्रिंगबद्दल दोन गोष्टी मनात पक्क्या बसल्या पाहिजेत, आणि दोन्हींना मी आपल्याकडच्या कागदांची उदाहरणं देतो.

पहिली : स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. नावापुढच्या जास्तीच्या स्पेस काढायला मुलं ‘नाव डॉट ट्रिम’ लिहितात, पुढच्या ओळीत नाव छापतात, आणि स्पेस तिथेच असतात. सातबाऱ्याचा उतारा आठव. वडिलांच्या नावावरची जमीन मुलांच्या नावावर झाली की फेरफार होतो आणि नवा उतारा निघतो. घरी ट्रंकेत ठेवलेल्या जुन्या उताऱ्यावरचं नाव आपोआप खोडलं जात नाही. नवा उतारा आणला नाही तर हातात जुनाच राहणार. ट्रिम, टूअपरकेस, रिप्लेस, सबस्ट्रिंग हे सगळे नवा उतारा देतात. तो घ्यायचा असेल तर ‘नाव बरोबर नाव डॉट ट्रिम’ असं लिहावं लागतं. यावर एक छोटा सराव कर : ‘अ’ मध्ये एक स्ट्रिंग ठेव, ‘ब बरोबर अ’ लिही, मग ‘अ’ ला अपरकेस करून परत ‘अ’ मध्येच ठेव. आता ‘ब’ काय छापेल? रन करण्याआधी वहीत लिही. ‘ब’ कडे जुना उतारा आहे, तो लहान अक्षरांतच छापेल.

दुसरी : दोन बरोबर चिन्हं आणि इक्वल्स. यावर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण इथे मुलं प्रोग्रामवरचा विश्वास घालवून बसतात. प्रोग्राम विचारतो, “पुढे चालू ठेवायचं का?” आणि ‘नाही’ टाइप केलं तर थांबायचं असतं. मुलगा ‘उत्तर == नाही’ असं लिहितो. ‘नाही’ टाइप केलं तरी प्रोग्राम थांबत नाही. मग तपासायला तो कोडमध्येच दोन व्हेरिएबलना ‘नाही’ हीच स्ट्रिंग देऊन == करतो, तर उत्तर ट्रू! त्याला वाटतं जावा मनाला येईल तसं वागते.

तसं नाही. वजनकाट्यावर पावती फाडताना खाली कार्बन असतो. वरचा कागद आणि खालचा कागद, मजकूर तोच, पण कागद दोन. == विचारतं, हा तोच कागद आहे का? इक्वल्स विचारतं, मजकूर तोच आहे का? कोडमध्ये अवतरणात लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंगची जावा एकच प्रत ठेवते आणि सगळ्यांना तीच वापरायला देते, म्हणून तिथे == ला ‘तोच कागद’ सापडतो. कीबोर्डवरून स्कॅनरने आलेली स्ट्रिंग मात्र प्रोग्राम चालू असताना नव्याने बनते. तो दुसरा कागद. मजकूर जुळतो, कागद जुळत नाही, म्हणून फॉल्स. स्ट्रिंगची तुलना करताना इक्वल्सच, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नको असेल तर इक्वल्सइग्नोरकेस. सरावासाठी चार तुलना वहीत लिही : दोन अवतरणातल्या स्ट्रिंग, एक अवतरणातली आणि एक ‘न्यू स्ट्रिंग’ने बनवलेली, एक अवतरणातली आणि एक टाइप केलेली, आणि शेवटी एकच व्हेरिएबल स्वतःशी. प्रत्येकापुढे == आणि इक्वल्स काय देतील ते लिही, मग रन कर. भाकीत चुकलं तिथे थांब आणि कागद किती आहेत ते मोज.

शब्द तोडायचा सराव तुझ्या स्वतःच्या पूर्ण नावावर कर. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं घे आणि आडनाव आधी, मग दोन आद्याक्षरं असं छाप. स्प्लिटने, म्हणजे स्पेसवर तुकडे पाडणाऱ्या मेथडने, सोपं जातं. मग टाइप करताना दोन शब्दांमध्ये चुकून दोन स्पेस दे. स्प्लिट तीनऐवजी चार तुकडे देईल, मधला रिकामा. त्या रिकाम्या तुकड्याचं पहिलं अक्षर मागितलं की पुन्हा तोच लांब नावाचा एक्सेप्शन. हे मुद्दाम करून बघ. खरी माणसं अशीच टाइप करतात, मोबाइलवर तर जास्तच. लूपमध्ये अधिक चिन्हाने स्ट्रिंग जोडत जाण्याबद्दल एवढंच सांगतो : दर फेरीला आधीचं सगळं नव्या कागदावर उतरवलं जातं. १००० अक्षरं एकेक करून जोडलीस तर साधारण ५ लाख अक्षरं लिहिली जातात. स्ट्रिंगबिल्डर एकाच वहीत पुढे लिहीत जातो. उलटं करण्याचा प्रोग्राम आधी हाताने लूपने, मग स्ट्रिंगबिल्डरने, असा दोनदा कर.

आता क्लास. “कशासाठी” हा प्रश्न तू विचारलास याचं मला बरं वाटलं. बहुतेक जण स्टुडंट नावाचा क्लास लिहितात, त्यात रोल नंबर आणि नाव ठेवतात, एक ऑब्जेक्ट बनवतात, छापतात आणि प्रकरण संपलं म्हणतात. एका ऑब्जेक्टसाठी क्लास कशाला, हे त्यातून कळणारच नाही.

मला ते कळलं नोकरीच्या पहिल्या वर्षी. एका कापूस व्यापाऱ्यासाठी खरेदीची यादी छापणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. तीन अॅरे (क्रमांकवार जागांच्या याद्या) होते : शेतकऱ्यांची नावं, वजनं, भाव. पाचव्या जागेवरचं नाव, पाचव्या जागेवरचं वजन, पाचव्या जागेवरचा भाव, सगळं नीट चालत होतं. व्यापारी म्हणाला, नावं अकारविल्हे लावून द्या, शोधायला सोपं जाईल. मी नावांचा अॅरे सॉर्ट केला. वजनं आणि भाव जागेवरच राहिले. यादी सुंदर छापली गेली, आणि प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याचं वजन. ही गोष्ट मी पकडली नाही. यादीवर बोट ठेवून एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “हाई वजन मन्हं नही, भाऊ. मन्हं इतलं नव्हतं.” त्यांना जास्त मिळत होतं, तरी ते सांगायला आले. त्या दिवशी मला क्लास कशासाठी असतो ते समजलं. नाव, वजन आणि भाव एकाच माणसाचे आहेत, तर ते एकाच पावतीवर असले पाहिजेत. पावत्यांचा गठ्ठा कसाही लावा, एका पावतीवरचा मजकूर दुसरीवर उडी मारत नाही. ऑब्जेक्ट म्हणजे ती पावती, आणि क्लास म्हणजे छापखान्यातून आलेला कोरा नमुना.

म्हणून तुझा पुढचा, आणि माझ्या मते एकमेव, क्लासचा सराव हा घे : केळीच्या खरेदीची पावती. तुमच्या भागात केळी आहेच, आकडे तुला घरी कोणीही सांगेल. फील्ड, म्हणजे पावतीवरचे रकाने, चार : शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन किलोमध्ये, भाव क्विंटलला. एक मेथड : रक्कम. जावात व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही ठेवता येतं, ‘वजन’ आणि ‘भाव’ अशी नावं कंपायलर मुकाट घेतो. घरी करून बघ, मजा येते. परीक्षेत मात्र रोमनच ठेव.

या एका क्लासमध्ये नवशिक्याच्या जवळजवळ सगळ्या चुका भेटतात. त्या भेटाव्यात म्हणूनच हा घ्यायला सांगतोय.

रक्कम काढताना वजन भागिले १०० गुणिले भाव असं लिहिशील. वजन १२५० किलो आणि भाव १४०० रुपये धर. हाताने काढ : साडेबारा क्विंटल, १७,५०० रुपये. वजन आणि भाव दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक, असतील तर प्रोग्राम १६,८०० सांगेल. १२५० भागिले १०० याचं उत्तर दोन इंटमध्ये १२ येतं, वरचे ५० किलो हवेत जातात. शेतकऱ्याचे ७०० रुपये गेले आणि प्रोग्रामने एकही एरर दिली नाही. आधी गुणाकार केलास, किंवा १०० च्या जागी १००.० लिहिलंस की उत्तर बरोबर येतं. दोन्ही उपायांत फरक काय, ते १२५५ किलो आणि १३३३ भाव घेऊन तपास. खरं उत्तर १६,७२९ रुपये आणि १५ पैसे आहे. कुठल्या उपायाने पैसे राहतात आणि कुठल्याने जातात, ते बघ.

कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नवी पावती भरणाऱ्या भागात, पॅरामीटरचं (बाहेरून दिलेल्या किमतीचं) नावही ‘वजन’ आणि फील्डचं नावही ‘वजन’ ठेवलंस आणि ‘वजन बरोबर वजन’ लिहिलंस, तर पॅरामीटर स्वतःलाच स्वतःची किंमत देतो. फील्ड शून्यच राहतं, नावाच्या जागी नल छापलं जातं. ‘धिस डॉट वजन’ म्हटलं की या पावतीवरचं वजन. धिस म्हणजे काय हे व्याख्येने समजत नाही, नल छापून आला की समजतं. तसंच कन्स्ट्रक्टरच्या आधी सवयीने ‘व्हॉइड’ लिहून बघ. व्हॉइड लागला की तो कन्स्ट्रक्टर राहत नाही, साधी मेथड होते. मग किमती देऊन ‘न्यू’ केलं तर कंपायलर अडवतो, आणि कंस रिकामा ठेवला तर सगळी पावती कोरी. पावती सरळ छापायला गेलीस तर क्लासचं नाव, अॅटचं चिन्ह आणि पुढे अगम्य आकडे-अक्षरं दिसतील. तिथे टूस्ट्रिंग, म्हणजे पावती कशी छापायची ते सांगणारी मेथड, लिहायची वेळ आली. स्ट्रिंगचा सगळा सराव त्या टूस्ट्रिंगमध्ये उपयोगी पडतो, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये नाव ट्रिम करून घेण्यातही.

आता जी चूक मी दरवर्षी किमान दहा वह्यांत बघतो ती. मुलं फील्ड मेन मेथडमधून, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथून, थेट वापरायला जातात. कंपायलर म्हणतो, नॉनस्टॅटिक व्हेरिएबल स्टॅटिक काँटेक्स्टमधून वापरता येत नाही. मुलं फील्डच्या मागे ‘स्टॅटिक’ लावतात, एरर जाते, आनंद होतो. मग तीन पावत्या बनवतात, आणि तिन्हींवर शेवटच्या शेतकऱ्याचं नाव येतं! स्टॅटिक फील्ड प्रत्येक पावतीवर नसतं, ते दुकानाच्या भिंतीवरच्या फळ्यावर असतं. फळा एकच. शेवटी लिहिणाऱ्याने आधीचं पुसलं. मग स्टॅटिक लावायचं कुठे? पुढच्या पावतीचा क्रमांक फळ्यावरच हवा, कारण तो सगळ्यांचा मिळून एक आहे. नवी पावती बनताना कन्स्ट्रक्टर फळ्यावरचा आकडा वाचतो, पावतीवर उतरवतो आणि फळ्यावरचा एकने वाढवतो. ‘पुढचा क्रमांक’ स्टॅटिक, ‘पावती क्रमांक’ स्टॅटिक नाही. हा एक फरक स्वतः करून पाहिलास की तोंडी परीक्षेत स्टॅटिकवर काहीही विचारलं तरी उत्तर येईल.

कीबोर्डवरून पावत्या भरताना आणखी एक अडचण येईल, तीही सांगून ठेवतो. नेक्स्टइंटने भाव घेतल्यावर पुढच्या शेतकऱ्याचं नाव नेक्स्टलाइनने घेतलंस तर नाव न विचारताच प्रोग्राम पुढे जातो. भाव टाइप करून तू एंटर दाबलंस, नेक्स्टइंटने आकडा उचलला, एंटर तिथेच पडून राहिला. नेक्स्टलाइनला तो रिकाम्या ओळीचा शेवट वाटला. मध्ये एक जास्तीची नेक्स्टलाइन टाकून तो एंटर उचलून घे.

इथपर्यंत आलीस की तुझ्याकडे पाच-सात पावत्यांचा अॅरे असेल. आता तोच वाकव : रावेरच्या पावत्यांची एकूण रक्कम, सगळ्यात जास्त वजनाची पावती, नावात अमुक आडनाव असलेल्या पावत्या, गावाचं नाव कोणी लहान लिपीत तर कोणी कॅपिटलमध्ये टाइप केलं तरी एकत्र मोजणं. वजन उणे टाइप झालं तर काय करायचं तेही ठरव, आणि फील्ड प्रायव्हेट करून ती तपासणी क्लासच्या आतच ठेव, म्हणजे बाहेरून कोणी थेट उणे वजन घालू शकणार नाही. प्रायव्हेटचं कारण एवढंच आहे. आणि त्या सॉर्टिंगवर माझं जे चुकलं, ते तू मुद्दाम करून बघ. तीन अॅरेंनी आधी, मग पावत्यांनी.

थोडं उजळून घेऊ. पहिला आठवडा एकाच स्वरांच्या प्रोग्रामचा, तक्त्यासकट. दुसरा आठवडा उतारा आणि कार्बन कॉपी, म्हणजे न बदलणारी स्ट्रिंग आणि इक्वल्स, आणि जोडीला नाव तोडणं. पुढचे दोन आठवडे फक्त पावती. लॅबचे तास कमी असतील तर तीन-चार दिवस इकडेतिकडे होतील, चालेल. तुझे पाठ असलेले ४० प्रोग्राम टाकून देऊ नकोस. पावतीचं काम झालं की परत उघड, त्यातले कितीतरी तुला आता वाचतानाच समजतील.

शेवटी आपल्या भाषेचा एक सराव. परीक्षेत तो येणार नाही, पण माझ्या सगळ्या वर्गांत मुलं यातच सर्वांत जास्त रमतात. स्ट्रिंग उलटी करायचा तुझा प्रोग्राम घे आणि त्याला देवनागरीत ‘नवजीवन’ दे. आपण वाचतो तेव्हा न, व, जी, व, न, म्हणजे दोन्हीकडून सारखंच, पॅलिंड्रोम. प्रोग्राम म्हणेल, नाही. उलटं छाप : ‘नवीजवन’. वेलांटी ज वरून उडून व वर जाऊन बसली! लेंग्थ विचार : आपल्याला अक्षरं पाच दिसतात, जावा सहा सांगेल. युनिकोडमध्ये (अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत) ज वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी साठवली जाते, आणि जावाचा कॅर म्हणजे तो एकेक तुकडा. ‘धुळे’ उलटं केलंस तर एकार सुटा पडून सुरुवातीला येतो, मग ‘ळु’, मग ‘ध’. धचा उकार ळने नेला. (विंडोजवर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नकोस, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह कर आणि कंपाइल करतानाही तेच एन्कोडिंग सांग. २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ते सांगावं लागतं.)

आता हा प्रोग्राम दुरुस्त कर. प्रत्येक कॅर बघ. तो काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा अनुस्वार असेल तर त्याला आधीच्या अक्षराला चिकटव, नसेल तर नवं अक्षर सुरू कर. अशी जोडलेली अक्षरं स्ट्रिंगच्या अॅरेत ठेव आणि अॅरे उलटा वाच. जोडाक्षरांसाठी हलंताचाही विचार करावा लागेल, तो दुसऱ्या फेरीत कर. या कामासाठी जावाच्या लायब्ररीत ब्रेकइटरेटर नावाचा तयार क्लास आहे, पण आधी हाताने कर. तपासायला आपलं शाळेतलं वाक्य आहेच : ‘ती होडी जाडी होती’. स्पेस काढून टाक आणि उलटं कर. ती, हो, डी, जा, डी, हो, ती जसंच्या तसं परत आलं पाहिजे.

अडलीस तर प्रोग्रामबरोबर वहीतल्या तक्त्याचाही फोटो टाक. नुसत्या कोडवरून मी चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगू शकेन, पण तुझा विचार कुठल्या फेरीला सुटला ते मला तक्त्यातच दिसेल.